हेलियम, चुंबक आणि उंदीर-हत्ती : घातांक सारखे येतात तेव्हा नेमके काय सारखे असते?

शेवटचे_सत्र (प्रश्न)

नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. पुढील महिन्यात विभागात मला क्रांतिक घातांक (अवस्था बदलण्याच्या क्रांतिक बिंदूजवळ एखादी राशी कोणत्या घाताने बदलते तो आकडा) या विषयावर तासाभराचे सादरीकरण करायचे आहे. वाचन बऱ्यापैकी झाले आहे, पण तीन गोष्टींची सांगड मला घालता येत नाही, म्हणून सविस्तर विचारतो.

पहिली गोष्ट म्हणजे गुगेनहाइम यांचा १९४५ सालचा प्रसिद्ध आलेख. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन या आठ पदार्थांच्या द्रवाची व वायूची घनता त्यात मांडली आहे. तापमानाला क्रांतिक तापमानाने आणि घनतेला क्रांतिक घनतेने भागले की आठही पदार्थ एकाच वक्रावर येऊन बसतात, आणि द्रव-वायूतील घनतेचा फरक क्रांतिक बिंदूजवळ साधारण एक-तृतीयांश घातांकाने शून्याकडे जातो. पुढे १९६२ मध्ये मँगनीज फ्लोराइड या प्रतिलोहचुंबकात (ज्यात शेजारचे सूक्ष्म चुंबक उलटसुलट दिशांना असतात) मोजलेला घातांक ०.३३५ आला. वायू आणि चुंबक यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना आकडा एवढा जवळचा का यावा, याचे ‘सार्वत्रिकता’ हे एका शब्दाचे उत्तर मला पाठ आहे, पण ते मला समजले आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

दुसरी गोष्ट द्रव हेलियमची. २.१७ केल्व्हिनला हेलियम अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागतो, आणि ही अवस्था निखळ क्वांटम स्वरूपाची आहे, असे आपण शिकतो. मग त्याचे क्रांतिक घातांक साध्या अभिजात प्रतिमानातून, म्हणजे प्रतलात फिरणाऱ्या बाणांच्या जालकातून (नियमित जाळीतून), कसे काय मिळतात? शिवाय विशिष्ट उष्म्याचा घातांक प्रयोगात −०.०१२७ आणि सिद्धांतात −०.०१५३ येतो असे वाचले. एकाच वर्गातील सर्व पदार्थांचे घातांक तंतोतंत सारखे असले पाहिजेत, तर हा फरक दुर्लक्षिण्याजोगा आहे का?

तिसरी गोष्ट आमच्याकडे झालेल्या एका व्याख्यानातली आहे. तेथे उंदरापासून हत्तीपर्यंतच्या प्राण्यांच्या चयापचयाचा क्लायबर यांचा नियम, नद्यांची जाळी आणि भूकंप ही सगळी ‘निसर्गातील प्रमाणनियमांची’ उदाहरणे म्हणून एकाच दमात सांगितली गेली. लॉग-लॉग आलेखावर सरळ रेषा आली की या सर्व गोष्टी एकाच तत्त्वाखाली येतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जालक

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, पण पहिले नीट बसल्याशिवाय पुढची दोन बसणार नाहीत, म्हणून मी पहिल्यावरच अधिक लिहितो.

सुरुवातीला एक दुरुस्ती. गुगेनहाइम यांच्या आलेखात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि सादरीकरणात त्या वेगळ्या काढल्या तर श्रोत्यांचा मोठा गोंधळ टळेल. ते आठ पदार्थ संपूर्ण वक्रावर एकत्र येतात, याचे कारण त्यांच्या रेणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षणाचे स्वरूप जवळजवळ एकसारखे आहे. हा व्हान डर वाल्स यांच्या काळापासून माहीत असलेला ‘अनुरूप अवस्थांचा नियम’ झाला. पाणी त्यात तितकेसे बसत नाही, कारण पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध निराळ्या प्रकारचे आहेत. सार्वत्रिकता ही याहून खोल गोष्ट आहे. क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ गेले की पाण्याचाही घातांक तोच येतो आणि मँगनीज फ्लोराइडचाही तोच येतो, जरी त्यांचे उर्वरित वक्र एकमेकांशी जुळत नसले तरी. तो घातांक एक-तृतीयांश नसून आजच्या अचूक गणनेनुसार ०.३२६ आहे. व्हान डर वाल्स यांच्या समीकरणातून मात्र तो एक-द्वितीयांश येतो, आणि या दोन आकड्यांमधली तफावत समजून घेण्यात भौतिकशास्त्राची जवळजवळ शंभर वर्षे गेली.

ती तफावत कोठून येते? कार्बन डायऑक्साइड बंद नळीत घेऊन ३१ अंश सेल्सियस आणि सुमारे ७३ वातावरण दाबाजवळ नेला की आधी स्वच्छ पारदर्शक असलेला पदार्थ दुधाळ होतो. त्यात घनतेचे दाट आणि विरळ ठिगळ तयार होऊ लागतात आणि त्यांचा आकार वाढत वाढत प्रकाशाच्या तरंगलांबीइतका, म्हणजे रेणूच्या आकाराच्या हजारपटींहून मोठा होतो. हे ठिगळ जितक्या अंतरावर एकमेकांची खबर ठेवतात त्या अंतराला सहसंबंध लांबी म्हणतात आणि क्रांतिक बिंदूवर ती अनंत होते. व्हान डर वाल्स यांनी प्रत्येक रेणूला आजूबाजूच्या सरासरीच्या हवाली केले होते; पण ठिगळांच्या आत ठिगळ आणि त्यांच्याही आत ठिगळ असलेल्या द्रवात अशी एकच एक सरासरी उरत नाही. सरासरीचा तो आधारच सुटल्यामुळे एक-द्वितीयांश हा आकडा चुकतो.

कडनॉफ यांनी १९६६ मध्ये सुचवलेला विचार येथे उपयोगी पडतो. चुंबकाच्या जालकातील शेजारशेजारच्या काही स्पिनांचा (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांचा) एक गठ्ठा करा, गठ्ठ्याला बहुमताने ‘वर’ किंवा ‘खाली’ ठरवा, आणि आता गठ्ठे हेच स्पिन आहेत असे मानून पुन्हा तेच करा. प्रत्येक पायरीला आपण थोडे दूर जाऊन पाहत असतो. केनेथ विल्सन यांनी १९७१ मध्ये या कल्पनेला गणनायोग्य रूप दिले, आणि १९८२ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. दूर जाताना प्रतिमानातील बहुतेक आकडे, म्हणजे जालक चौकोनी आहे की षट्कोनी, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी किती बल आहे, रेणूचा आकार कसा आहे, हे सर्व हळूहळू पुसले जातात. ते आपण सोयीसाठी टाकून दिलेले नसतात. दूर जाण्याच्या क्रियेतच त्यांचा परिणाम प्रत्येक पायरीला लहान होत जातो. टिकून राहतात त्या मोजक्या गोष्टी : अवकाशाच्या मिती किती, निवड कोणत्या प्रकारची आहे, आणि परस्परक्रियांचा पल्ला आखूड आहे की लांब.

वायू आणि एकाक्ष चुंबक यांच्यात सारखी असते ती ही ‘निवड’. द्रवात एखाद्या जागी घनता सरासरीहून जास्त किंवा कमी असते, चुंबकात स्पिन वर किंवा खाली असतो. दोन्हीकडे दोनच पर्याय आहेत आणि दोन्ही त्रिमित अवकाशात राहतात. म्हणून दोघांचाही मुक्काम एकाच स्थिर बिंदूवर, म्हणजे आणखी गठ्ठे केले तरी प्रतिमान बदलत नाही अशा जागी, होतो आणि घातांक त्या बिंदूचा असतो, पदार्थाचा नसतो. चुंबकाच्या स्पिनला प्रतलात कोणतीही दिशा घेण्याची मुभा दिली तर स्थिर बिंदू बदलतो आणि सहसंबंध लांबीचा घातांक ०.६३० वरून ०.६७२ होतो, तिन्ही मितींत दिशा मोकळी केली तर तो ०.७११ होतो. मितींची संख्या बदलली तर बदल याहूनही मोठा असतो. ऑनसागर यांनी १९४४ मध्ये सोडवलेल्या द्विमित आयसिंग प्रतिमानात (ज्यात स्पिन फक्त वर किंवा खाली असतो) चुंबकनाचा घातांक एक-अष्टमांश आहे, तर आयसिंग यांनी स्वतः १९२५ मध्ये सोडवलेल्या एकमित साखळीत शून्याहून अधिक कोणत्याही तापमानाला चुंबकत्व टिकतच नाही.

हेलियममध्ये अतिप्रवाही अवस्थेचे वर्णन करणाऱ्या तरंगफलाला एक मान आणि एक कला असते, आणि कला म्हणजे वर्तुळावरचा कोन, अर्थात प्रतलात फिरणारा बाण. हेलियम आणि प्रतलीय चुंबक एका वर्गात का येतात याचे कारण एवढेच आहे. मात्र क्वांटमपणाचे काय होते, हा तुमचा प्रश्न स्वतंत्र उत्तराला पात्र आहे.

द्रवनत्र

मी अनेक वर्षे अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे हेलियमचा भाग मी घेतो.

क्वांटम सांख्यिकीत तापमान काळाच्या जागी येऊन बसते. त्रिमित क्वांटम प्रणालीचे गणित मांडले की त्यात अवकाशाच्या तीन मितींबरोबर ‘काल्पनिक काळ’ ही चौथी मिती दिसू लागते आणि या चौथ्या मितीची जाडी प्लांकचा लघुस्थिरांक भागिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान एवढी असते. २.१७ केल्व्हिनला ती सुमारे ३.५ पिकोसेकंद भरते. म्हणजे हेलियम ही तीन दिशांना अमर्याद पण चौथ्या दिशेला अगदी पातळ अशी एक पोळी आहे असे समजा. क्रांतिक बिंदूपासून दूर असताना चढउतार इतके लहान असतात की त्यांना पोळीची जाडी जाणवते. बिंदूजवळ सहसंबंध वाढत जातात, जाडी मात्र तेवढीच राहते, आणि शेवटी चौथी दिशा नसल्यासारखीच होते. क्वांटम नियमांमुळे ते तरंगफल अस्तित्वात आले, संक्रमण किती तापमानाला होणार हेही त्यांनीच ठरवले. घातांक मात्र त्रिमित अभिजात बाणांचे आले, कारण घातांक फक्त लांबवरचे पाहतात.

येथे एक तुलना अवश्य दाखवा. बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून पाठवलेल्या लेखातून सुरू झालेल्या आदर्श, म्हणजे परस्परक्रिया नसलेल्या, बोस वायूच्या कल्पनेने, हेलियमची घनता धरून, संक्रमणाचे तापमान सुमारे ३.१ केल्व्हिन येते. फ्रित्झ लंडन यांना १९३८ मध्ये ते २.१७ च्या पुरेसे जवळचे वाटले आणि त्यांची दिशा बरोबर होती. पण आदर्श वायूचा सहसंबंध लांबीचा घातांक १ येतो, हेलियमचा ०.६७ येतो. अणूंमधील परस्परक्रिया कितीही क्षीण असली तरी ती वर्ग बदलून टाकते. २००७ मध्ये झुरिक येथे रुबिडियमच्या अतिविरळ वायूत हाच घातांक मोजला गेला आणि तो ०.६७ आला, त्रुटी ±०.१३. त्रुटी मोठी आहे हे खरे, परंतु द्रव हेलियमच्या मानाने तो वायू कितीतरी पटींनी विरळ आणि कोटीहून अधिक पटींनी थंड होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते.

आता −०.०१२७ आणि −०.०१५३. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि तुम्ही तो विचारला याचा मला मनापासून आनंद झाला. पृथ्वीवर हेलियमच्या नमुन्यात वरच्या थरापेक्षा खालच्या थरावर दाब अधिक असतो, आणि दाबाबरोबर संक्रमणाचे तापमान सरकते. एक सेंटीमीटर उंचीमागे साधारण १.३ मायक्रोकेल्व्हिन एवढे. त्यामुळे बाटलीचा तळ आणि तोंड एकाच वेळी क्रांतिक बिंदूवर येऊच शकत नाहीत. हा अडथळा टाळण्यासाठी ऑक्टोबर १९९२ मध्ये कोलंबिया या अवकाशयानातून नमुना कक्षेत नेण्यात आला आणि संक्रमणापासून सुमारे दोन नॅनोकेल्व्हिन अंतरापर्यंत विशिष्ट उष्मा मोजला गेला. त्या मोजणीचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण −०.०१२७ ± ०.०००३ हा आकडा देते. त्रिमितीत हा घातांक आणि सहसंबंध लांबीचा घातांक यांच्यात ‘२ वजा तिप्पट’ असे पक्के नाते आहे, त्यावरून दुसरा घातांक ०.६७०९ येतो. १९९३ मध्ये पृथ्वीवरच दुसऱ्या ध्वनीच्या वेगावरून, म्हणजे अतिप्रवाही हेलियममधील उष्णतेच्या तरंगांवरून, मिळालेला आकडा ०.६७०५ होता, म्हणजे प्रयोग एकमेकांच्या बाजूचे आहेत.

सिद्धांताकडे पाहिले तर तेथेही दोन स्वतंत्र मार्ग एकमताने बोलतात. २०१९ मध्ये संगणकीय माँटे कार्लो (यादृच्छिक नमुन्यांवर आधारित) गणनेने ०.६७१७ दिले, आणि त्याच वर्षी ‘कॉन्फॉर्मल बूटस्ट्रॅप’ या पद्धतीने, ज्यात कोणतेही जालक किंवा पदार्थ न घेता केवळ सममिती आणि सुसंगतीच्या अटींवरून शक्य घातांकांचा प्रदेश आवळत नेला जातो, ०.६७१७५ दिले, त्रुटी ±०.०००१. विशिष्ट उष्म्याच्या भाषेत हा फरक प्रयोगाच्या नोंदवलेल्या त्रुटीच्या सुमारे आठपट आहे. वाद अजून मिटलेला नाही. माझे वैयक्तिक मत असे की सार्वत्रिकता चुकली असण्यापेक्षा विदेतून घातांक काढण्याच्या रीतीत काहीतरी राहून गेले असण्याची शक्यता अधिक आहे. घातांक इतका शून्याजवळ असल्यामुळे वक्र जवळजवळ लॉगॅरिदमसारखा दिसतो, आणि मुख्य पदाबरोबरची दुरुस्तीची पदे किती आणि कशी धरली यावर उत्तर हलते. तरीही हे माझे मत आहे. कक्षेतला तो प्रयोग नव्याने कोणी करीपर्यंत ते मतच राहील.

शेवटचे_सत्र

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पोळीचे उदाहरण माझ्या मनात पक्के बसले. त्यावरून एक उपप्रश्न : तापमान शून्याकडे नेले तर पोळीची जाडी वाढत जाऊन ती खरोखरच चौथी मिती होईल. मग क्वांटम संक्रमणाचे घातांक एक मिती वाढवलेल्या अभिजात प्रतिमानाचे असतील का, आणि तसे कोणी पाहिले आहे का?

जालक

होय, तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, काही अटी सोडल्यास; काळाची दिशा अवकाशाच्या दिशांइतक्याच दराने ताणली जाते असे दरवेळी नसते आणि काही प्रणालींत ती एकीच्या जागी दोन मितींइतकी भरते.

सर्वांत देखणे उदाहरण कोबाल्ट नायोबेट या स्फटिकाचे आहे. त्यातील कोबाल्टचे स्पिन साखळ्यांमध्ये रचलेले असतात, म्हणजे प्रणाली जवळजवळ एकमित आहे. साखळीला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले की साधारण ५.५ टेस्लाला स्पिनांची शिस्त मोडते, आणि हे मोडणे उष्णतेमुळे नव्हे तर निव्वळ क्वांटम चढउतारांमुळे घडते. एकमित साखळी अधिक काळ म्हणजे द्विमित आयसिंग, ज्याचे उत्तर ऑनसागर यांच्यापासून आपल्याजवळ आहे. झामोलोद्चिकोव यांनी १९८९ मध्ये असे भाकीत केले होते की क्रांतिक बिंदूवरील या प्रतिमानाला स्पिनांच्या दिशेने अल्पसे क्षेत्र लावले तर उत्तेजनांची आठ ‘वस्तुमाने’ मिळतील आणि त्यांतील पहिल्या दोघांचे गुणोत्तर १.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर असेल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगात ४० मिलीकेल्व्हिनला कोबाल्ट नायोबेटमध्ये पहिली दोन उत्तेजने दिसली आणि क्षेत्र क्रांतिक मूल्याकडे नेताना त्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ आले. मी हे प्रथम वाचले त्या दिवशी दुसरे काही काम करू शकलो नव्हतो. वीस वर्षांपूर्वी कागदावर, कोणत्याही पदार्थाचा विचार न करता काढलेली संख्या एका स्फटिकात सापडते, ती सार्वत्रिकतेमुळेच.

जीवमापन

मी प्राणिशरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे क्लायबर यांच्या नियमाबद्दल लिहिते. वरचे विवेचन वाचल्यावर माझे स्पष्ट मत असे झाले आहे की त्याला हेलियमच्या पंक्तीत बसवू नये.

मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले की सस्तन प्राण्यांचा विश्रांतीतील चयापचय-दर शरीराच्या वस्तुमानाच्या तीन-चतुर्थांश घाताप्रमाणे वाढतो. त्याआधीची समजूत दोन-तृतीयांशाची होती, कारण उष्णता त्वचेतून बाहेर जाते आणि पृष्ठफळ त्या प्रमाणात वाढते. एक हिशेब करून पाहा. उंदीर २५ ग्रॅमचा आणि हत्ती ४००० किलोचा धरला तर वस्तुमान १,६०,००० पट आहे, म्हणजे वीसचा चौथा घात. तीन-चतुर्थांश घाताने हत्तीचा चयापचय उंदराच्या बरोबर ८००० पट येतो; दोन-तृतीयांशाने सुमारे २९५० पट. वस्तुमानाचा पल्ला पाच दशकांहून (दशक म्हणजे येथे दहापटीचा एक टप्पा) मोठा असूनही दोन सिद्धांतांच्या भाकितांत फरक तिपटीहूनही कमी आहे. एकाच वजनाच्या दोन वेगळ्या जातींचा चयापचय सहज दुपटीने वेगळा असू शकतो, मोजणीच्या वेळी प्राणी खरोखर उपाशी आणि स्वस्थ होता का यावरही आकडा बदलतो, आणि रवंथ करणाऱ्या प्राण्यांत तर पचन कधी थांबतच नाही. तिसऱ्या दशांश स्थळावरून वाद घालण्याची चैन आम्हाला नाही.

वेस्ट, ब्राउन आणि एनक्विस्ट यांनी १९९७ मध्ये तीन-चतुर्थांशाचे एक कारण दिले. रक्तवाहिन्यांचे फाटे संपूर्ण शरीरभर पोहोचले पाहिजेत, शेवटच्या केशवाहिन्या उंदरात आणि हत्तीत सारख्याच आकाराच्या असतात, आणि रक्त पोहोचवण्याचा खर्च कमीत कमी ठेवायचा आहे, एवढ्या गृहीतकांवरून मिती भागिले मिती अधिक एक, म्हणजे तीन-चतुर्थांश, हा घातांक निघतो. विचार सुंदर आहे आणि तो विद्यार्थ्यांना शिकवताना मला आजही आनंद होतो. परंतु येथे सहसंबंध लांबी अनंत होत नाही, क्रांतिक बिंदू नाही, तपशील आपोआप पुसण्याची क्रिया नाही. आहे ते विशिष्ट रचनेचे भूमितीय बंधन. २००३ मध्ये शरीराचे तापमान आणि प्राण्यांचे वर्गीय नाते विचारात घेऊन केलेल्या एका पुनर्विश्लेषणात सस्तन प्राण्यांसाठी पुन्हा दोन-तृतीयांशच आला. म्हणून सादरीकरणात ‘तीन-चतुर्थांश हा निसर्गाचा नियम आहे’ असे न म्हणता ‘अमुक प्राणिसमूहात, अमुक पल्ल्यात, साधारण इतका’ असे म्हणावे.

कोयनाकाठ

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि त्यावरचे फार महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत झाले आहे, म्हणून ते सांगायलाच हवे.

हेलियमला क्रांतिक बिंदूवर नेण्यासाठी कोणीतरी तापमान नॅनोकेल्व्हिनपर्यंत जुळवावे लागते. बाक, टँग आणि विझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये विचारले की अशी जुळवाजुळव न करता एखादी प्रणाली आपणहून क्रांतिक अवस्थेला पोहोचेल का. त्यांचे वाळूच्या ढिगाचे प्रतिमान असे : चौकटीवर एक एक कण टाकत राहा, एखाद्या घरात चार कण झाले की ते चार शेजाऱ्यांना एक एक वाटून टाका, शेजारी भरले तर तेही वाटतील, कडेचे कण बाहेर पडतील. काही काळाने लहान घसरणींपासून चौकटीएवढ्या घसरणींपर्यंत सर्व आकारांच्या घसरणी दिसू लागतात.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० मध्ये या प्रतिमानातील एक लपलेली शिस्त उघड केली. घरे कोणत्याही क्रमाने रिकामी केली तरी शेवटची स्थिती तीच येते. बेरीज करताना हातचे कोणत्या क्रमाने घेतले याने उत्तर बदलत नाही, तसेच हे. या एका गुणधर्मामुळे सारे प्रतिमान बीजगणिताच्या हाती आले. वारंवार येऊ शकणाऱ्या स्थितींची संख्या म्हणजे त्या चौकटीवर काढता येणाऱ्या, सर्व घरांना जोडणाऱ्या पण कोठेही वेटोळे नसलेल्या झाडांची संख्या, असे निघाले. आणि तिचे सूत्र किर्खहॉफ यांनी विद्युतमंडलांसाठी १८४७ मध्येच दिले होते. मोठ्या चौरस जालकात ही संख्या दर घरामागे ३.२१ पटींनी वाढते. एखादे घर रिकाम्यातले रिकामे असण्याची शक्यता ०.०७३६ आहे, हे मजुमदार आणि धर यांनी १९९१ मध्ये नेमके काढले. ज्यात कण फक्त उताराच्या दिशेने घसरतात ते प्रतिमान तर धर आणि रामस्वामी यांनी १९८९ मध्येच पूर्णपणे सोडवले होते. त्यातील द्विमित घसरणींची सांख्यिकी आणि शायडेगर यांच्या नदीजाळ्याच्या प्रतिमानातील पाणलोट क्षेत्रांची सांख्यिकी एकच आहे, घातांक चार-तृतीयांश. तुमच्या व्याख्यात्यांनी नद्यांचा उल्लेख केला होता, त्यामागे एवढा भक्कम दुवा आहे. धर पुढे पुण्याच्या आयसरमध्ये होते आणि सांख्यिकीय भौतिकशास्त्रातले २०२२ चे बोल्ट्झमन पदक त्यांना मिळाले. हे पदक मिळालेले ते पहिले भारतीय.

पण प्रतिमान सुटले म्हणजे निसर्ग सुटला असे नव्हे. खऱ्या वाळूच्या ढिगांवर प्रयोग झाले तेव्हा मोठ्या ढिगात सर्व आकारांच्या घसरणी मिळाल्या नाहीत. घरंगळणाऱ्या कणांचा वेग घसरण एकदा सुरू झाली की तिला थांबू देत नाही. १९९६ मध्ये ऑस्लो येथे तांदळावर प्रयोग केला तेव्हा लांब दाण्याच्या तांदळाने घातनियम दाखवला, आखूड गोलसर दाण्याच्या तांदळाने दाखवला नाही. लांब दाणा घरंगळण्याऐवजी घसरतो आणि घर्षणाने लवकर थांबतो. तपशील पुसले जातात असे आपण म्हणतो, पण कोणते पुसले जातात हे प्रयोगाशिवाय ठरत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

भूकंपांबाबतही हीच सावधगिरी हवी. मी पाटणच्या परिसरातला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी ऐकतच आमची पिढी वाढली आणि धक्के अजूनही बसतात. तीव्रता एका एककाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहापट कमी होते, हे गुटेनबर्ग-रिक्टर नाते मोजणीतून आलेले आहे. त्यावरून जमीन वाळूच्या ढिगासारखी वागते असे सिद्ध होत नाही. कोयनेत तर जलाशयातील पाण्याच्या पातळीच्या वार्षिक चढउताराचा भूकंपांशी संबंध आहे, जो वाळूच्या प्रतिमानात कोठेच नाही.

शेवटचे_सत्र

सर्वांचे पुन्हा आभार. आता माझ्या लक्षात येते की केवळ सरळ रेषा पुरेशी नाही. मग सादरीकरणात सार्वत्रिकता ‘दाखवायची’ असेल तर कोणती एक आकृती दाखवावी? माझ्याजवळ साधा लॅपटॉप आहे.

जालक

साधा लॅपटॉप पुरेसा आहे. द्विमित आयसिंग प्रतिमान मेट्रोपोलिस रीतीने (एकेक स्पिन यादृच्छिकपणे उलटवून पाहण्याच्या रीतीने) ८, १६, ३२ आणि ६४ बाजूंच्या चौकटींवर चालवा. क्रांतिक तापमान २.२६९ हे नेमके माहीत आहे. तापमान बदलत चुंबकन मोजले की चार चौकटींचे चार वेगळे वक्र मिळतील. मग उभ्या अक्षावर चुंबकन गुणिले बाजूचा एक-अष्टमांश घात घ्या, आणि आडव्या अक्षावर क्रांतिक तापमानापासूनचे सापेक्ष अंतर गुणिले बाजू. चारही वक्र एकावर एक बसतील. आता हेच त्रिकोणी जालकावर करा, जेथे क्रांतिक तापमान ३.६४१ आहे. घातांक तेच ठेवा. पुन्हा चारही वक्र एकत्र येतील. त्यानंतर जाणूनबुजून एक-अष्टमांशाऐवजी एक-द्वितीयांश, म्हणजे व्हान डर वाल्स यांचा घातांक, घालून वक्र कसे विस्कटतात तेही दाखवा. सरळ रेषा दोन दशकांच्या विदेत जवळजवळ कशातूनही काढता येते, पण वेगवेगळ्या आकारांचे वक्र एकावर एक आणणे तितके सोपे नसते. आडवा आणि उभा असे दोन्ही अक्ष एकाच वेळी जुळावे लागतात.

एक सूचना. क्रांतिक बिंदूजवळ मेट्रोपोलिस रीत फार मंदावते, कारण एक एक स्पिन उलटवून मोठाले ठिगळ उलटायला वेळ लागतो. ६४ च्या चौकटीसाठी सुरुवातीच्या फेऱ्या सोडून द्या आणि चुंबकनाचे केवल मूल्य घ्या, नाहीतर वर-खाली होणाऱ्या चिन्हांमुळे सरासरी शून्य येईल आणि तुम्ही चूक शोधत रात्र घालवाल.

द्रवनत्र

यात एकच भर घालतो. वक्र जुळल्यावर ८ ची चौकट टाकून पुन्हा पाहा, मग १६ ची टाकून पाहा, आणि सर्वोत्तम घातांक किती सरकतो ते लिहून ठेवा. हेलियमच्या वादात मी ज्यांना दुरुस्तीची पदे म्हटले ती तुम्हाला तुमच्याच आलेखात दिसतील. ती आकृती तयार झाली की येथे अवश्य टाका.